ढोल तापवणारे हात

सुरुवातीपासून सांगा म्हणता, तर माझी सुरुवात हलगीपासून होते, आणि नेमकी तीच गोष्ट मी या देशात अकरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सांगली जिल्ह्यातलं गाव आमचं, मांगवाड्यातला जन्म. बाप हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, सगळ्यांच्या पुढं माझा बाप, आणि जेवायला बसताना सगळ्यांच्या मागं, तेही मांडवाबाहेर. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडायचं, मग तो पाचट पेटवायचा, हलगी जाळावर गोल गोल फिरवायचा आणि मधून मधून अंगठ्यानं टिचकी मारून कान लावायचा. मी शेजारी उकिडवा बसायचो. बास, एवढंच बालपण बघा, धूर आणि टिचकी.

एकोणिसाव्या वर्षी मी चळवळीची पत्रकं वाचायला लागलो. गावकीची कामं सोडा, लाचारीचं वाजवणं बंद करा. पटलं मला. आजही पटतं, हे नीट लिहून घ्या. ज्या हलगीला नाही म्हणायची सोय नाही ती कला कसली, ती वेठ. एक दिवस घरी आलो आणि बापाची हलगी खुंटीवरून काढून चुलीत घातली. बाप बघत बसला. जळताना कातडं ताणलं गेलं आणि फुटायच्या आधी एकदाच वाजलं. बाप त्यानंतर सहा वर्षं जगला, पण माझ्याशी कामापुरतंच बोलला. वेठ बंद करायलाच हवी होती, पण मी म्हाताऱ्याला विचारलं नव्हतं, काय सांगू तुम्हाला, एवढंच राहून गेलं.

माझी बायको शालन मिरजेला नर्सिंग शिकली होती. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, अठ्ठ्याहत्तर साली ती अमेरिकेत, जर्सी सिटीला आली, तिच्या मागून मी. मला पुठ्ठ्याचे खोके करायच्या फॅक्टरीत मशीनवर काम मिळालं. आपली मराठी मंडळी गणपतीला भेटायची. काका, काकू, सगळे मायेनं बोलायचे आणि पोह्याची प्लेट हातात देता देता विचारायचे, गाव कुठलं, वडील काय करायचे? मी म्हणायचो, शिक्षक होते. एकदा म्हणलं की मग तेच म्हणत राहावं लागतं.

गेल्या वर्षापासून इथली हवा बिघडली. टिकली लावलेली बाई दिसली की आपल्या लोकांवर खार खाणारी इथली पोरं गाडीतून शिव्या द्यायची, बाटल्या फेकायची. एका तपकिरी गाडीचा एक दिवा फुटलेला होता, तो एक डोळा दिसला की रस्त्यावरची आपली माणसं दुकानात शिरायची. एका संध्याकाळी मी आणि शालन बसस्टॉपवर उभे होतो. ती गाडी थांबली, चौघं उतरले, एकाच्या हातात बॅट. एकानं शालनची टिकली अंगठ्यानं पुसली, कातडी सोलावी तशी. आणि मी? मी उभा राहिलो. हात हललेच नाहीत. मग बॅटचा एक फटका माझ्या खांद्यावर आला आणि ते हसत निघून गेले. खांदा बरा झाला. पण मी बोलेनासा झालो. शालन म्हणायची, अवो, बोला की काहीतरी, शिव्या तरी द्या. ती टिकली न लावता ड्यूटीला जायला लागली, आणि मी लंचबॅगेत चपातीच्या डब्याखाली लोखंडी सळई न्यायला लागलो. कवटी फोडायची, एकाची तरी. मनात दुसरं काही नव्हतं.

माझ्या शेजारच्या मशीनवर लिरॉय होता, काळा माणूस, व्हिएतनामला लढून आलेला. एक दिवस लंचला त्यानं माझी बॅग सरकवली तर ती खणकली. त्यानं आत बघितलं. म्हणला, शॅन, (शंकर त्याला जमायचं नाही,) ही भाजी कुठल्या गावाची, मॅन? मग हसायचं थांबला आणि जॅकेट थोडं उघडून दाखवलं. आत पिस्तूल. म्हणला, लढाई संपल्यापासून हे अंगावर आहे, ते काढलं तर मला झोप लागत नाही. शनिवारी ये माझ्याबरोबर.

त्यानं आणलं तेच हे चर्चचं बेसमेंट, आपण बसलोय ते. दहा-बारा पुरुष ढोल घेऊन गोल करून बसतात, बहुतेक लिरॉयसारखे लढून आलेले. मध्ये कोजोकाका, घानाचा म्हातारा, टॅक्सी चालवतो. त्याची रीत अशी की ढोलाला हात लावण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, ज्या झाडाचं लाकूड त्या झाडासाठी, ज्या बकऱ्याचं कातडं त्या बकऱ्यासाठी. आणि मग प्रत्येकानं बापाचं नाव घ्यायचं, बाप काय काम करायचा ते सांगायचं. बापाशिवाय हात ढोलावर पडत नाही, म्हणायचा. पहिल्या शनिवारी लिरॉय कानात बोलला, आमचे लोक गुलाम होते तेव्हा मालकांनी ढोल काढून घेतले, ते ढोलावरून एकमेकांना निरोप देतील म्हणून. मनात आलं, यांच्या हातातून बळजबरीनं काढून घेतला आणि आमच्या हातात बळजबरीनं दिला. मालक दोन्हीकडं तोच. माझी पाळी आली. मी म्हणलं, बाप शिक्षक होता. चार शनिवार हेच म्हणलं, आणि चारही शनिवार माझे हात लाकडासारखे पडले, खांद्यातली कळ तशीच, बॅगेत सळई तशीच.

पाचव्या शनिवारी पाऊस होता. बेसमेंटमध्ये ओल, सगळी कातडी ढिली. कोजोकाका हीटर आणायला निघाला. माझं मलाच कळलं नाही, मी एक ढोल उचलला, मागच्या दारात छपराखाली वर्तमानपत्रं पेटवली आणि ढोल जाळावर तिरका धरून फिरवायला लागलो. फिरवायचा, टिचकी मारायची, कान लावायचा. आवाज चढत गेला. मागं वळलो तर सगळे दारात उभे. कोजोकाका म्हणला, शिक्षक असं करत नाही. कोण होता तुझा बाप?

मी सांगितलं. हलगी, मांडवाबाहेरचं ताट, चूल, सगळं, मोडक्या इंग्रजीत. आणि बसस्टॉपही सांगितला. कुणी पाठ थोपटली नाही, कुणी नाक मुरडलं नाही. कोजोकाका एवढंच म्हणला, नाव? गणू, म्हणलं. त्यानं माझ्या बापाच्या नावानं पाणी शिंपडलं. मग मी वाजवलं, आणि बाकीचे माझ्या मागून आले. पहिल्यांदाच बापाच्या मागं मानानं उभी राहिली माणसं.

त्या दिवशी सळई मी कोजोकाकाकडं दिली. ती बघा, पायऱ्यांजवळ, दाराला अडसर लावलाय तिचा. शालन परत टिकली लावते. मी रोज तिला सोडायला जातो. भीती गेली म्हणू नका, परवाच शेजारच्या दारावर घाण चिठ्ठी चिकटवली होती.

लिरॉयनं पिस्तूल दिलं नाही. कोजोकाकानं दोनदा हात पुढं केला. तो म्हणला, पुढच्या शनिवारी. मग तो पुढचा शनिवार आला. आम्ही वाजवत होतो आणि या खिडकीतून, हीच, फुटपाथच्या उंचीची, ती गाडी जाताना दिसली. एक दिवा फुटलेली. सावकाश चालली होती. लिरॉयचे हात थांबले. म्हणला, शॅन, तू वाजव, थांबू नकोस. आणि जिना चढून गेला. मी वाजवत राहिलो, कारण त्यानं सांगितलं होतं. मी उठायला हवं होतं का? परत हललो नाही का मी? सांगा तुम्ही.

दोन शनिवार झाले. तो कामावर नाही, घराला कुलूप. ती गाडीही कुणाला दिसलेली नाही.

बसा तुम्ही थोडं. माणसं येतील आता. बाहेर दमट आहे, मला लिरॉयचा ढोल तापवून ठेवायचाय. माझ्या बापाला मी विचारलं नाही, याला मी थांबवलं नाही, पण ढोल तयार ठेवणं माझ्या हातात आहे. जिथं असेल तिथं त्याच्या हातात पिस्तूल नसू दे, हात रिकामे असू देत.