काकांचा खरा इतिहास

अरे, पोलादपूरच्या आमच्या काकांचं सांगितलं का तुम्हाला? शाळेतला इतिहास सगळा खोटा, असं सांगणारी पुस्तकं त्यांना भारी आवडतात.

परवा जेवायच्या वेळी मोठ्याने वाचायला लागले. म्हणे पूर्वी बायकांवर अन्याय नव्हताच, घरधनी आधी सगळ्यांना जेवायला घालायचा आणि मग स्वतः बसायचा.

काकू म्हणाली, "असं हाय? मग वाचा तुम्ही निवांत."

तिने आम्हाला खेकडे वाढले आणि स्वतःही ताट घेऊन बसली. आम्ही कशाला थांबतोय! काका पानावर बसले तेव्हा नुसता रस्सा उरला होता. रश्श्याच्या पातेल्यात डाव फिरवत म्हणाले,

"शाळेतला इतिहासच खरा होता गो!"