वळायला दाखवलेला हात

तुमच्यापैकी कोणी सायकल घेऊन रिक्षाने क्लासला गेलंय का? मी गेलेय.

आईने सायकल एकाच अटीवर दिली होती. प्रत्येक वळणावर आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा. एकदा जरी चुकले तर सायकल परत माळ्यावर.

म्हणून पहिल्याच दिवशी, बोनकोड्याकडे वळताना मी मागे बघितलं आणि उजवा हात सरळ बाहेर काढला. मागून येणारी रिक्षा माझ्या शेजारी थांबली.

"कुठं जायाचं हाय गो?" रिक्षावाल्या काकांनी विचारलं.

विचारलंय तर सांगावं, म्हणून मी म्हणाले, "क्लासला."

"बस. सायकल आत घालू."

"नको काका, मी फक्त वळत..." अनोळखी माणसांसमोर माझा आवाज एवढाच निघतो.

तोवर मागे बस हॉर्न वाजवायला लागली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ए मुली, जायचं नव्हतं तर हात कशाला केलास? बस ना आता, सगळे खोळंबलेत."

सगळे खोळंबलेत म्हटल्यावर मी बसले. सायकल अर्धी बाहेर, पुढचं चाक माझ्या मांडीवर.

पहिला दिवस म्हणून आई क्लासच्या गेटवर उभीच होती. तिने आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पडलीस?"

"नाही."

"हात दाखवला होतास ना?"

"दाखवला."

"मग?"

"रिक्षा थांबली."

"अट तर पाळलीस," आई म्हणाली, आणि चाक धरून ओढायला लागली.