मापाचा फ्रॉक

नाही हो बाई, हा फ्रॉक ठेवून नका जाऊ – मापाचा कपडा मी घेतच नाही. बाहेर पाटीवर लिहिलंय की, अगदी खाली, बारीक अक्षरात – माप अंगावरूनच घेतलं जाईल. पाटी रंगवणारा म्हणाला होता, एवढं मावायचं नाही, तर मी म्हटलं दुकानाचं नाव लहान कर, पण हे लिही. हो, माहितीये मला, बाकीचे सगळे घेतात. जुना कपडा टाकायचा, यावरून शिवा म्हणायचं, दोन बोटं सैल ठेवा म्हणायचं, की सुटलो. उंटावरून शेळ्या हाकायच्या. माझ्याकडे तेवढं नाही चालत. धाकटीला शिवायचाय ना? मग धाकटीला आणा. पाच मिनिटांचं काम. शाळेत आहे? मग सुटल्यावर आणा, मी सातपर्यंत असते.

बघू तरी फ्रॉक – हात चांगला आहे हो, काजं हातानं केलीत, कुणी शिवला? तुम्हीच? वा. आणि घेर किती बेतानं धरलाय. डांबरगोळ्यांचा वास येतोय, म्हणजे बरेच दिवस पेटीत होता. मोठीचा ना हा? मोठीला आता आखूड होत असेल – केवढी झाली आता मोठी?

बरं. बरं – नका सांगू. मी आपली उगाच विचारत बसते, जिभेला हाड नाही माझ्या. बसा तुम्ही. ते स्टूल ओढा, कापडं खाली ठेवा, काही होत नाही त्यांना. दार मी लोटून घेते, कोण येतंय या वेळी.

मी का घेत नाही ते सांगते. म्हणजे तुम्हाला वाटायला नको, की बाई शिष्ट आहे. माझी आई शिवायची – घरीच, खिडकीपाशी मशीन, खिडकीबाहेर अख्खी गल्ली, आणि तिच्या हाताला काय सफाई होती म्हणून सांगू. टेप गळ्यात असायची ती नुसती शोभेला. माणूस दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत हिचं माप घेऊन झालेलं असायचं – नजरेनंच. वर टेप लावून बघितलं तर पाव इंच इकडे ना तिकडे. अशी आई. आणि मला एक मोठी बहीण होती. ती सात वर्षांची असताना गेली. ताप – चार दिवस ताप, पाचव्या दिवशी नाही. मी तेव्हा चार वर्षांची. मला ती फारशी आठवत नाही, खरं सांगते, एक वेणी आठवते आणि पायऱ्या उतरतानाचा तिचा आवाज. पण तिचे कपडे मला पाठ आहेत. कारण ते मीच घातले. त्यात वावगं काही नाही, घरोघरी धाकटे घालतातच मोठ्यांचे कपडे. मीही घातले, पाचवं सरलं, सहावं सरलं, सातवं सरलं. आणि मोठीचे कपडे संपले.

आता बघा हं. आता खरं तर माझं माप घ्यायचं. घरातच शिंपीण, घरातच पोर, हाक मारली की समोर उभी. आईनं काय केलं? मोठीचा शेवटचा फ्रॉक काढला – पिवळा, बाहीला दुहेरी टीप घातलेला – तो टेबलावर पसरला, चारी बाजूंनी खडूनं एक-एक इंच वाढवला आणि त्यावरून मला शिवला. म्हणजे आठव्या वर्षाची मोठी कशी दिसली असती, तसा. पुढच्या वर्षी आणखी एक इंच. तिची मापाची वही होती, लांबट, काळ्या पुठ्ठ्याची. मी नऊ वर्षांची असताना ती चोरून उघडली, तर पहिल्याच पानावर मोठीचं नाव, खाली छाती, खांदा, बाही, उंची – सातवं वर्ष, आठवं वर्ष, नववं वर्ष. मेलेलं माणूस वाढत नाही ना? ही वाढत होती. चांगली भरत होती अंगानं. वडिलांवर गेलेली, उंच, रुंद खांद्याची. आणि मी ही अशी – तेव्हाही अशीच, काडी. बाह्या बोटांवर यायच्या, गळा खांद्यावरून घसरायचा. आई समोर उभी करायची आणि म्हणायची, नीट उभी राहा. मग म्हणायची, खात का नाहीस तू, भरत का नाहीस? कपडा चुकीचा आहे असं तिला कधी वाटलंच नाही, मीच चुकीची होते. आणि मलाही तसंच वाटायचं – लहान पोराला दुसरं काय वाटणार हो, आई चुकते असं थोडंच वाटतं?

नाव? होतं की. चांगलं नाव आहे माझं. पण हाक मारताना आईच्या तोंडात आधी मोठीचं यायचं, मग ती जीभ चावायची, आणि मग नुसतंच – अगं. अगं, इकडे ये. अगं, दोरा ओवून दे. माझं सगळं लहानपण 'अगं' या नावानं गेलं. वडील पोस्टात होते, टपाल वाटून घरी यायचे, पण घरात त्यांनी दोघींपैकी कुणाचंच नाव घेणं सोडलं होतं. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणतात ना – भागवतात, पण ताकाला कुणी विचारत नाही.

एकदा काय झालं – सांगू का? हे मी कुणाला सांगत नाही. दहा वर्षांची होते, शाळेत कविता म्हणायला उभं केलं होतं. फ्रॉक नवा, अर्थात मोठीच्या दहाव्या वर्षाचा. मी काय केलं, आईच्या मशीनखालच्या चिंध्या गोळा केल्या आणि दोन्ही खांद्यांत कोंबल्या. भरलेली दिसावी म्हणून. आई पहिल्या रांगेत बसणार होती ना. कवितेत आभाळ आलं, आभाळाला हात वर करायचा होता, मी केला – आणि बाहीतून चिंध्या खाली. लाल, निळ्या, छापील, सगळ्या गिऱ्हाइकांच्या. सगळी शाळा हसली. मी आईकडे बघितलं. आई हसली नाही. रागावलीही नाही. घरी आल्यावर तिनं फ्रॉक उतरवून घेतला, मी म्हटलं आता तरी आत घेईल खांदा – तर तिनं आतून कापसाची गादी शिवून दिली दोन्ही खांद्यांना. सुबक, हातशिलाईनं. पुन्हा पडायला नको म्हणून. बाई, मार खाल्ला असता तर बरं झालं असतं हो. मार निदान मला बसला असता.

हसताय का रडताय तुम्ही? असू दे. तो बिनकामाचा तुकडा आहे तिथं, त्यानं पुसा.

अठराव्या वर्षी मी घर सोडलं. गणवेशांच्या कारखान्यात लागले. तिथं पहिल्या दिवशी प्रत्येकीला बाह्यांचा एप्रन शिवून द्यायचे, तोही अंगावरून माप घेऊनच, कारण सैल बाही मशीनच्या पट्ट्यात गेली की हात गेला. कटिंगचे मास्तर होते, म्हातारे, पान खाल्ल्यासारखं तोंड हलवत बोलायचे. त्यांनी टेप लावली. खांद्यावर थंडगार लागली. आणि म्हणाले, डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे, लिही. बस, एवढंच. मी जी रडायला लागले – त्यांना वाटलं टाचणी टोचली. त्यांना काय सांगणार, की अठरा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की माझा डावा खांदा उतरता आहे. माझा. मोठीचा नाही. लिहिणाऱ्या मुलीनं नाव विचारलं तर रडता रडता तीनदा सांगावं लागलं. त्या दिवसापासून मी मी झाले म्हणा ना. पुढे हे दुकान टाकलं. लोक म्हणतात नाव काढलंस. काढलं म्हणजे काय, चिंध्यांखालून ओढून काढलं.

इथं थांबायला हवं होतं मी. गोष्ट इथं छान संपते. पण आई गेली चार महिन्यांपूर्वी. घर आवरायला गेले, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं, आणि वही घेऊन आले. का आणली कुणास ठाऊक – जाळायला आणली असेन. इथंच, या टेबलावर ठेवली होती. एके दिवशी हातातून पडली आणि उलटी पडली. मागचा पुठ्ठा वर. तर बघते, मागूनही लिहिलेली. वही उलटी धरून, शेवटच्या पानापासून पुढे. पहिल्या ओळीत माझं नाव. पूर्ण नाव, आईच्या अक्षरात. आणि खाली – पाचवं वर्ष, सहावं, सातवं, सगळी वर्षं. माझी मापं. मोठीची नाही, माझी – बाही दोन इंच आखूड, छाती बारीक. नवव्या वर्षापुढे लिहिलंय, डावा खांदा अर्धा इंच उतरता.

नवव्या वर्षी. मास्तरांच्या आधी नऊ वर्षं. मला कधी टेप लावली नव्हती तिनं, नजरेनंच घेतलं असणार सगळं. मी घर सोडल्यावर वर्षातून एकदा भेटायला जायचे, त्या तारखाही आहेत. शेवटची गेल्या वर्षीची – कंबर वाढली, खांदे पुढे झुकलेत, काम कमी करायला हवं.

म्हणजे दिसत होते मी तिला. सगळी दिसत होते. माझी बहीण म्हणते – चुलत बहीण – की बघ, केवढी माया होती. असेल. मी नाही म्हणत नाही. पण मला सांगा, तिला मी दिसतच नाही असं धरून मी माफ केलं होतं तिला, केव्हाच केलं होतं – दुःखानं आंधळी झाली म्हटलं, विषय संपला. पण बरोबर माप वहीत लिहायचं आणि कात्री मात्र दुसऱ्या पानावरून चालवायची, दरवर्षी – याचं काय करू मी? वही उलटी पडली तेव्हापासून झोप नाही. एक फ्रॉक शिवला असता हो. एकच. मी अजून तो घालून बसले असते.

मी तुम्हाला बोलत नाहीये बाई. तुमचं काय गेलंय ते मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं, मोठीचं वय विचारलं तेव्हाच. पेटीतून काढावासा वाटला, यात पाप नाही. घडी घालून परत ठेवा, चांगला जपून ठेवा, धाकटीला सांगा हा ताईचा आहे म्हणून. पण कात्री याच्यावरून नाही चालणार. माझ्या दुकानात नाही.

चला, उठा, शाळा सुटायची वेळ झाली. इथंच घेऊन या तिला, मी टेप गरम हातात धरून ठेवते, पोरांना थंड लागते. वहीत आत्ताच पान करून ठेवू. सांगा, नाव काय लिहू?

नाही – हे नाव तर फ्रॉकच्या कॉलरच्या आत शिवलेलं आहे. वाचलं मी ते. धाकटीचं विचारतेय.

सांगा. थांबलेय मी.