अवसेचं पान

आधी सांगा, आज अवसेचं पान घरामागंच कोण टाकून आलं? बरं. मग ऐका, मेल्यांनो.

अवसेला चार दिवस असताना, अशाच काळ्याकुट्ट रात्री हौसाक्का नदीकडं निघाली. एकटी! हातात दहीभाताचं पान. नदीत गिऱ्हा. पाण्यातलं भूत ते. हौसाक्काचा धाकटा भाऊ धोंडिबा तिथंच बुडालेला. तेव्हापासनं ती पाण्याकडं फिरकली नव्हती.

गाव तरी कुठं फिरकत होतं! गिऱ्ह्याचं पान पूर्वी काठावर ठेवायचे. मग भ्याले, बाभळीखाली ठेवायला लागले. मग शेवटच्या घरामागं. जिथं जेवण, तिथं तो! रात्री दारं खाजवायला लागला. आपणच आणला की त्याला दारात!

हौसाक्काची लेक शेवंता पलीकडच्या वाडीत दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ही सुईणपणाला निघाली, पण नदी टाळून वरच्या पुलाच्या फेऱ्यानं गेली. पोचेपर्यंत पोर गेलेलं. आता शेवंताला पुन्हा दिवस गेलेले. म्हणून या खेपेला नदीतनंच जायचं ठरवून हौसाक्का उठली.

त्या रात्री पान बाभळीपर्यंत नेलं, ठेवलं आणि धूम पळाली. हसताय काय? तुम्ही गेला असता? दुसऱ्या रात्री पुन्हा तिथंच. कापरं थांबेपर्यंत बसून राहिली. मग पुढं, खडकापाशी. तिथं मागं ओली पावलं वाजली. थप, थप. मग काठावर. तिथं पदर ओढला कुणीतरी. रडली बिचारी, पण उठली नाही.

आणि अवसेलाच वाडीकडनं आरोळी आली, शेवंताला कळा लागल्या! हौसाक्का पान घेऊन पाण्यात उतरली. गुडघाभर. कमरेभर. तोच धोंडिबाचा आवाज! "अक्का, हात दे गं!" आई गं! घोट्याला गारठलेली बोटं. ओढतायत खाली!

"धोंड्या, तेव्हा काठावर असते तर दिला असता रं हात," ती हुंदके देत म्हणाली. "आता पोरीकडं जाऊ दे." पान पाण्यात सोडलं. नाकातोंडात पाणी गेलं, आणि बोटं सुटली.

पोचली ती वेळेवर. शेवंताला मुलगी झाली. ती मी. आजीच्या घोट्यावरचे काळे वळ मरेपर्यंत गेले नाहीत, मी तेल लावायचे त्यांना.

तेव्हा त्या पुलाच्या फेऱ्यानं कधी जाऊ नका. त्या फेऱ्यापायीच माझा थोरला भाऊ जन्मताच गेलाय.

ऐकलंत? दार खाजवतंय. उठा. पान उचला. आज बाभळीपर्यंतच जाऊ. चला, मी येते.