पानकराचं कार्ड

शांतीबाई : हात नको लावू त्याले! आजच नवा हार घातला म्या.

योगराज : आई, हे कार्ड इथं देवाजवळ काऊन लटकवलं?

शांतीबाई : मंग का गोठ्यात लटकवू? तुझ्या बाबाची पानकरीची निशानी होय ते. तिकडल्या साहेबांनी देल्ली. पाय ना, फोटो कसा निघाला. आमच्या लग्नातबी एवढे ताठ नव्हते उभे रायले.

योगराज : पाणकरी? कोणी सांगितलं तुला?

शांतीबाई : कोनी म्हंजे? तुझ्या बाबानंच. अख्ख्या गावाले मालूम आहे. तू तेवढा आभाळातून पडल्यावानी करून राहिला.

योगराज : सडक अर्जुनीला बसमधून उतरल्या उतरल्या भोजराजकाका भेटले. म्हणाले, 'काय गा योगराज, तुझ्या दुबईनं बापालेच पानकर केला म्हनते.' मला वाटलं, मस्करी करून राहिले.

शांतीबाई : मस्करी कायची? आपन जातीचे कोहळी. तलाव बांधनं, पानी राखनं, कोनाच्या धानाच्या बांदीत किती सोडाचं ते पाहनं, हे पानकराचं काम आपल्या रक्तातच आहे. दुबईवाल्याईले अक्कल आहे, त्याईनं मानूस वळखला.

योगराज : दुबई नाही गं ते. दुबईहून मोटारीनं दोन घंटे पुढं.

शांतीबाई : ज्या गावात रेतीच रेती, ते आमच्यासाठी दुबईच. मले समदं सांगतलं त्याईनं. म्हने, योगराजनं घर घेतलं ते रेतीच्या मधात. चहूकडं हॉटेलं. गोरे लोकं पैसे देऊन उन्हात पडून रायते. बाप्पा! आपल्याकडं तं उन्हात फुकट पडाले मिळते. अन् मधात हा एवढा तलाव, समुद्राच्या पान्यातलं मीठ काढून भरलेला. असा तलाव कसा राखाचा ते तिकडं कोनालेच येत नव्हतं. मंग साहेब म्हनले, 'बाबाजी, आता तुमीच पाहा.' अन् हे कार्ड देल्लं.

योगराज : असं म्हणाले?

शांतीबाई : असंच म्हनले. माझ्या गुडघ्याचं आप्रेशन नसतं तं मीबी गेली असती तवा. तीन महिने राहीन म्हनून गेले, अन् विसाव्या दिवशी वापस. मी म्हनलं, काऊन वो, पोरानं काही म्हनलं का? म्हनले, 'नाई वो. हवा नाई मानवली.'

योगराज : आई, कार्ड काढ ते.

शांतीबाई : काढतोच. भोजराज येऊन राहिला न्यायले.

योगराज : न्यायला? कशाला?

शांतीबाई : उद्या तलावाच्या पारीवर, बांधावर, बैठक आहे. धान निसवून राहिला, पानी सोडाचं आहे. औंदा पानकर कोन, ते ठरवतील. पाटबंधाऱ्याचा नवीन साहेब येते म्हनते. भोजराज म्हनते, शांतीवहिनी, कार्ड द्या, इंग्रजी लिहून आहे, साहेबाले सगळ्याईपुढं मोठ्यानं वाचाले लावतो.

योगराज : नको. नको देऊ, आई.

शांतीबाई : काऊन? तुलेच तं खुशी व्हावी.

योगराज : त्याच्यावर काय लिहिलंय, माहीत आहे का तुला?

शांतीबाई : मले इंग्रजी येते का? पानकर लिहलं असन. नाईतं तलाव सायेब.

योगराज : 'हाउसहोल्ड स्टाफ' लिहिलंय.

शांतीबाई : म्हंजे?

योगराज : म्हणजे... घरचा नोकर. वर घराचा नंबर आहे, माझ्या घराचा. माझ्या घरचा नोकर, असं लिहिलंय.

शांतीबाई : चुकलं असन त्याईचं. एवढे लोकं येते-जाते तिकडं. फोन करून दुरुस्त करून घे.

योगराज : त्यांचं नाही चुकलं. मीच लिहून दिलं तसं.

शांतीबाई : तू? काय बोलून राहिला? नीट बोल.

योगराज : बसतेस का जरा? गुडघा दुखेल तुझा.

शांतीबाई : गुडघ्याचं मी पाहीन. तू बोल.

योगराज : ते घर घेताना माझ्या डोक्यात एकच होतं. तलावाकडं तोंड पाहिजे. तसं घर महाग पडते तिथं, तरी तेच घेतलं. म्हटलं, बाबा आले की खिडकीतून पाणी दिसेल. तुझी सून पुष्पांजली म्हणत होती, मागच्या बाजूचं घेऊ. मी ऐकलं नाही.

शांतीबाई : मंग?

योगराज : मग बाबा आले. पहिल्या दिवशी धोतर धुऊन बाल्कनीत वाळत घातलं, तर कॉलनीची चिठ्ठी आली. बाल्कनीत कपडे चालत नाहीत. सकाळी पाण्यात पाय टाकून बसले, तर गार्डनं उठवलं. बाबा हसून म्हणाले, 'योगराज, पैसे पान्याचे घेतले अन् पान्यात पाय नाई टाकू देत, हा कोनता धंदा होय गा?' मीसुद्धा हसलो. तवर ठीक होतं.

शांतीबाई : पुढं बोल.

योगराज : त्या तलावाच्या एका टोकाला दगडी भिंत आहे. तिच्यावरून पाणी खाली पडत राहते, रात्रंदिवस. शोभेसाठी. मशीन तेच पाणी पुन्हा वर चढवते. लोक तिथं फोटो काढतात. हॉटेल आहे बाजूला, खुर्च्या टाकलेल्या. बाबांनी एक दिवस पहाटे ते पाहिलं, अन् त्यांना वाटलं, पार फुटली.

शांतीबाई : अगं माय!

योगराज : हो. पार फुटली, अन् सगळं गाव झोपून आहे. तुला तर माहीत आहे ते कसं करतात.

शांतीबाई : मालूम नाई का? गवताचे ढेप उपटाचे, दुपट्टा कोंबाचा, वरून चिखल. भोजराजच्या बोडीची, त्या लहान्या तलावाची, पार फुटली तवा असंच तं एकट्यानं थांबवलं होतं.

योगराज : तसंच केलं. फक्त ते गवत जहाजातून आणून अंथरलेलं होतं, आई. सतरंजीसारखं. बाबांनी वीस-पंचवीस हात गवत उपटलं अन् ती भिंत बुजवून टाकली. पाणी तुंबलं, हॉटेलच्या खुर्च्यांत गेलं. मला फोन आला तेव्हा मी टाय बांधून राहिलो होतो. धावत गेलो. बाबा कंबरभर पाण्यात उभे, धोतर वर खोचलेलं, अंगभर चिखल, अन् चेहऱ्यावर एवढा आनंद! मला पाहून ओरडले, 'वाचला गा तलाव! वाचला!'

शांतीबाई : मंग तू काय म्हनला?

योगराज : बाजूच्या घरातली बाई उभी होती तिथं. दोन दिवसांआधी आमच्याकडं जेवून गेलेली. हॉटेलचा मॅनेजर होता, गार्ड होता. सगळे मोबाइल काढून उभे. त्या बाईनं विचारलं, हे कोण? तुमच्याकडचे का?

शांतीबाई : अन्?

योगराज : अन् मी म्हटलं, आमच्याकडं काम करतात. गावाकडून आणलेला माणूस आहे.

शांतीबाई : हे देवा.

योगराज : तोंडातून निघून गेलं. मग गार्ड म्हणाला, नोकर असेल तर कार्ड लागते, नाही तर तलावावर फिरू देणार नाही. मी म्हटलं, निदान फिरता तर येईल त्यांना. ऑफिसात जाऊन फारम भरला. 'नातं' असा रकाना होता. तो रिकामा सोडला.

शांतीबाई : चौथीत होता तवा शाळेचा फारम आनला होता तू. बापाचा धंदा लिहाचा होता. गुरुजी म्हनत होते, शेती लिही. तू रडला. म्हनला, शेती सगळ्याईचेच बाप करते, माझा बाप पानकर आहे. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहलं की रकान्याच्या भाईर गेलं.

योगराज : आठवते मला.

शांतीबाई : आठवते म्हनते! तवा रकान्यात मावत नव्हता बाप, अन् आता रकाना खाली सोडला? लाज नाई वाटली रे तुले?

योगराज : वाटली ना. आधी त्यांची वाटली. ती दोन मिनिटं टिकली. मग माझी वाटायला लागली, ती अजून जात नाही. इथं तू त्याला हार घातलेला पाहिला, अन् वाटलं जमीन फाटावी.

शांतीबाई : जमीन नाई फाटत अशी. आमच्या पायाखाली लय घट्ट आहे ते. त्याईले समजलं का तवा?

योगराज : नाही. इंग्रजीत बोललो मी. त्यांना नाही समजलं, एवढंच बरं झालं. मी तिकिटं आणली आहेत, आई, दोघांची. खालचीच खोली तयार केली, पायऱ्या नाहीत. हिमांशू रोज विचारतो, आजोबा कधी येतील. बाबा फोनवर नुसतं 'पाहू' म्हणतात. मला वाटलं, तू म्हटलं तर...

(दारात ओल्या पायांचा आवाज झाला. योगराजनं मान वर केली नाही. तेवढ्या पावलांवरून त्यानं बाप ओळखला.)

गोपीचंद : मोनू हिंदीत बोलला होता गा.

योगराज : बाबा...

गोपीचंद : गेटवरचा मोनू. 'बाबा, साहब के नौकर हो तो पहले बताना था ना.' गोंदिया जिल्ह्यातला मानूस मी. हिंदी नाई समजन मले?

शांतीबाई : तुमाले मालूम होतं? अन् माझ्याकडून हार घालून घेतला रोज?

गोपीचंद : तू घालत होती, मी कायले अडवू? फुलं आपल्याच अंगनातले.

योगराज : मग तेव्हाच काऊन नाही बोलले, बाबा? तिथंच एक थापड मारायची होती मला.

गोपीचंद : तुझं तोंड पायलं ना. नवीन घर, नवीन शेजार. मी बाप म्हनलो असतो, तं तू चार लोकाईत खोटा ठरला असता. म्या म्हनलं, 'हां बेटा, नौकर हूँ.' मोनूनं मले चहा पाजला. चांगला पोरगा आहे.

योगराज : अन् इथं पाणकर सांगितलं.

गोपीचंद : काय सांगू मंग? शांती इचारे, भोजराज इचारे, काऊन लवकर आले. तू एक खोटं बोलला, मीबी एक बोललो. माझं जरा बरं निघालं.

शांतीबाई : बरं कायचं! उद्या साहेब वाचन तं गावात तोंड दाखवाले जागा नाई रायनार.

गोपीचंद : वाचू दे. पानकर तरी कोन होय? गावाचा नोकरच. हाक तेवढी आदरानं मारते.

योगराज : नाही, बाबा. उद्या मी बोलतो बैठकीत. सगळ्यांपुढं माफी मागतो तुमची.

गोपीचंद : अन् काय सांगशीन?

योगराज : की ते कार्ड खोटं आहे. तुम्ही नोकर नव्हता, माझे वडील आहात.

गोपीचंद : अबे येड्या, हे गावाले मालूम आहे. तू जन्मला तवा या गावात गूळ वाटला म्या. ज्याले मालूम नाई, त्याले सांग.

योगराज : कोणाला?

गोपीचंद : तुझ्या गेटवर अजून मोनूच आहे ना?

योगराज : आहे.

गोपीचंद : लाव मंग फोन. अन् आवाज भाईर काढ, आमाले आयकू येऊ दे.

योगराज : आता?

गोपीचंद : कार्ड बनवाले मुहूर्त पायला होता का?

योगराज : ...हॅलो. मोनू? मैं योगराज बोल रहा हूँ.

मोनू : अरे साहब! नमस्ते! गाँव पहुँच गए? सब बढ़िया?

योगराज : हाँ. सुनो, मोनू. वो बाबा याद हैं?

मोनू : कौन, तालाब वाला? आपका नौकर? अरे, उनको कोई भूलेगा, साहब! यहाँ अभी तक हँसते हैं लोग. ले आओ उनको वापस, मन लगा रहता था. मेरी ही चारपाई पे बैठ के पानी की बातें करते थे.

शांतीबाई : भोजराज आला वाटते. फाटक वाजलं.

योगराज : मोनू, वो... वो नौकर नहीं हैं.

मोनू : हैलो? आवाज़ कट रही है, साहब. काम छोड़ दिया क्या उन्होंने?

योगराज : नहीं. वो मेरे...

शांतीबाई : अंगनात आला तो. योगराज, फोन ठेव, नाईतं हळू बोल. भोजराज आयकन.

मोनू : हैलो? क्या बोले, साहब? आपके कौन?

योगराज : ...पिताजी हैं.

मोनू : हैलो? हैलो?

गोपीचंद : जोरानं सांग, योगराज. त्याले आयकू नाई गेलं.