व्याही क्लीव्हलंडचे

नाही, मला सांगा, नदीला कधी आग लागते का हो? पाण्याला? तुम्ही म्हणाल, हे काय विचारणं झालं! पण लागली होती! क्लीव्हलंडची नदी धडाधडा पेटली होती, अख्ख्या देशाने वाचलंय, आणि त्या क्लीव्हलंडचा माणूस माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या बायकोने केलेल्या, बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी चापत मला सांगतो, "चेस्टर, पिट्सबर्ग छान आहे हो... लहान आहे, पण छान आहे." लहान! आणि मी काय केलं? चकार शब्द काढला नाही!

कारण वचन दिलं होतं ना बायकोला. रोझलिन सकाळीच, हे असं लाटणं हातात धरून, "चेस्टर, आज मोनिका आणि जावई सांगणार आहेत, घर कुठे करायचं ते. इथे, नाहीतर तिच्या सासरी. त्याला दोन्हीकडे नोकरी मिळतेय. व्याही पण येतायत. त्यांच्या गावाबद्दल तू एक शब्द वाकडा बोललास आणि जावयाचं डोकं फिरलं, तर पोर गेली म्हणून समज. तोंडाला कुलूप लाव." आता तुम्हाला सांगतो, एकुलती एक पोरगी. लग्न झाल्यापासून दोघं फिलाडेल्फियात, ती नर्सिंगला, तो बँकेतल्या कॉम्प्युटरचं काहीतरी करतो, मला विचारू नका. आणि आमच्याच गल्लीत, खालच्या वळणावर एक घर विकायला काढलंय. छोटंसं, पिवळ्या विटांचं. रोज कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने मी ते बघून येतो. छपराला डागडुजी लागेल, पण ती मी केली असती हो, फुकट केली असती. एवढंच मागणं होतं माझं, दुसरं काय?

बरं, व्याही आले. कसे आले ते ऐका! आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडलेला. आमची ही टेकडी, पोलिश हिल, म्हणजे गल्ली कसली, जिनाच तो, आणि गाडी लावायला जागेची ही बोंब. शेजारच्या पावलिकबाई, ऐंशी उलटलेल्या, त्यांनी स्वतः फावडं घेऊन आपल्या गाडीपुरती जागा साफ केली आणि प्रार्थनेला जाताना तिथे खुर्ची ठेवून गेल्या. खुर्ची ठेवली की संपलं! ती जागा तुमची! आमच्याकडे त्या खुर्चीला महापौर हात लावणार नाही, पाद्री लावणार नाही, चोर आला तर तोही वळसा घालून जाईल! आणि मी खिडकीतून बघतोय, ओहायोची, म्हणजे क्लीव्हलंडकडची, पाटी लावलेली एक गाडी येते... थांबते... आमचे व्याही वॉल्टसाहेब उतरतात, कमरेवर हात ठेवून खुर्चीकडे बघतात... आणि उचलतात! अहो, उचलतात! गाडी लावतात, आणि ती खुर्ची काखोटीला मारून माझ्या दारात हजर! "चेस्टर, ही बघा, चांगली खुर्ची कुणीतरी टाकून दिलीय. तुमच्याकडचे लोक भलतेच उधळे हो!"

मी खिडकीकडे बोट केलं. म्हटलं, "वॉल्ट, ती गाडी जरा..." तेवढ्यात आतून रोझलिन खाकरली. तुम्ही ते खाकरणं ऐकलेलं नाही, म्हणून हसताय. मी म्हटलं, "या या, दमला असाल." खुर्ची घेतली, कोटांच्या मागे लपवली, आणि चकार शब्द काढला नाही!

मोनिका आणि जावई आदल्या रात्रीच आले होते; सगळे जेवायला बसलो. माझा एक कान जेवणात, एक कान रस्त्याकडे. पावलिकबाई कुठल्याही क्षणी येणार! आणि हे गृहस्थ सुरू! "आमचा वाद्यवृंद, चेस्टर, युरोपातले लोक कान टवकारून ऐकतात." बरं. "देशातला पहिला विजेचा सिग्नल कुठे लागला? आमच्याकडे." लागला असेल बाबा. "तुमच्याकडे तीन नद्या आहेत म्हणा, पण तिन्ही मिळून आमच्या तळ्यात बादलीभर होणार नाहीत." बरं! "आणि ते जाऊ दे, तुमच्या थोरल्या भावाचं हृदय कुठे दुरुस्त केलं हो?" आता काय सांगू? क्लीव्हलंडलाच केलं! ठणठणीत आहे मेला!

मी मनातल्या मनात सुरू झालो. अरे, अर्ध्या देशाचे पूल आमच्या पोलादावर उभे आहेत! पोलिओची लस कुठे निघाली? इथे! जगभरची पोरं आज पायावर चालतायत ती कुणामुळे? आणि तुमची फुटबॉलची टीम, अहो टीम, एके दिवशी बाडबिस्तरा गुंडाळून बाल्टिमोरला पळाली! ज्या गावात खेळाडू थांबत नाहीत, तिथे माझी पोरगी...? हे सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. टेबलाखाली रोझलिनची लाथ बसली. मी अजून तोंड उघडलंही नव्हतं हो! आगाऊ लाथ! मोनिका समोरून माझ्याकडे टक लावून बघत होती, काहीतरी ऐकायचं असल्यासारखी. मी आपली पिरोगी तोंडात कोंबली.

आणि पों पों पों! आल्या!

धावत दारात गेलो, दार मागे ओढून घेतलं. पावलिकबाई बर्फात उभ्या, नाक लाल, डोळे त्याहून लाल. "चेस्टर, ही ओहायोची गाडी कुणाची?"

"पाहुण्यांची, पावलिकबाई. हळू बोला, पाया पडतो."

"आणि माझी खुर्ची?"

"सुखरूप आहे. आणून देतो."

"क्लीव्हलंडचा माणूस माझ्या जागेवर? बोलाव त्याला! बघतेच मेल्याला!"

"नका हो! आज पोरीचा फैसला आहे! ती इथे राहते की जाते, सगळं ह्या तासाभरावर आहे!"

त्यांनी ओहायोच्या गाडीकडे एक जळजळीत नजर टाकली. मग म्हणाल्या, "तुझी आई असती ना, तर तिने त्याला गाडीसकट उतारावरून ढकलला असता." असती, ढकलला असता, खरं आहे. पण मी काय केलं, मी माझी स्वतःची गाडी काढली, माझी जागा त्यांना दिली, आणि जागा शोधत शोधत पार टेकडीच्या पायथ्याशी गेलो. तिथे गाडी लावली आणि चढत आलो, बुटात बर्फ. घरात शिरतो तर वॉल्टसाहेब कॉफी ढवळतायत. "फिरून आलात? उत्तम! आमच्याकडे तळ्याकाठी फिरायला..."

चकार शब्द काढला नाही. शक्तीच नव्हती.

आणि मोनिका उठून उभी राहिली. "बाबा, आम्ही ठरवलं."

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीचा हात असा घट्ट धरला. समोर वॉल्टनेही धरला.

"शार्लट," ती म्हणाली.

"कुठे?"

"नॉर्थ कॅरोलिना. तिथूनही ह्याला बोलावणं होतं, सांगितलं नव्हतं आम्ही. इथे राहिलो तर सासरे रुसणार, तिकडे गेलो तर आई रडणार. आत्ता स्वयंपाकघरात ठरवलं, तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा."

फिरायला!

"आणि बाबा, खरं सांगू? सकाळपासून वाट बघत होते मी. सासरे निदान 'या' म्हणून मागे तरी लागले होते. तुम्ही एकदाही 'राहा' म्हणाला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला काही फरक पडत नाही."

अहो, रोझलिनकडे बघितलं, तर ती टेबलक्लॉथवरच्या चुण्या काढतेय. मग माझं कुलूप तुटलं. सकाळपासून जे जे दाबून धरलं होतं ते सगळं उसळून वर आलं, आणि तोंडातून काय बाहेर पडलं माहीत आहे?

"क्लीव्हलंड!" मी ओरडलो. "क्लीव्हलंडला राहा! काय वाईट आहे क्लीव्हलंड? तळं आहे! वाद्यवृंद आहे! हृदयं दुरुस्त करतात! दोन तासांत येतो मी, आईने दिलेलं सूप गरम असताना पोचतो! शार्लटला कसा येऊ? दिवसभर गाडी चालवू?"

आणि वॉल्ट, तो वॉल्ट, टेबलावर मूठ आपटून, "पिट्सबर्ग! सूनबाई, पिट्सबर्गला राहा! पोलिओची लस काढली ह्या गावाने! पूल बघ केवढे! शार्लटमध्ये आहे काय? नुसत्या बँका!"

बघा! माहीत होतं त्याला! सगळं माहीत होतं लेकाला!

उपयोग काय? गेली पोरं शार्लटला. खालच्या वळणावरचं पिवळं घर कुणीतरी घेतलं, छप्पर तसंच गळतंय. आता दर रविवारी मी आणि वॉल्ट फोनवर तासभर शार्लटला शिव्या घालतो. माणूस तसा वाईट नाही. पण आमच्या भिंती पडल्या पातळ, आणि पावलिकबाईंचे कान शाबूत! माझं ते ओरडणं संध्याकाळच्या आत टेकडीभर झालं. आता मी न्हाव्याकडे गेलो की न्हावी म्हणतो, "बसा, क्लीव्हलंडकर!" चर्चच्या पायऱ्यांवर, "काय क्लीव्हलंडकर, आज इकडे कुठे?" जन्म ह्या गल्लीत गेला माझा, आणि ही पत! चिडायला हवं मी, नाही का? पण देवाशप्पथ सांगतो, पोरगी क्लीव्हलंडला राहिली असती ना, तर 'क्लीव्हलंडकर' अशी पाटी मी स्वतः रंगवून दारावर ठोकली असती!