हलकी नळी

मोंटानातल्या बंदूकवाल्याच्या दुकानात रांगेत उभ्या डेलच्या पुढे एक म्हातारं जोडपं नव्या रायफलची नळी निवडत होतं.

"लांब, जाड नळी घेऊ. नेम हलत नाही."

"आणि डोंगरावर वाहणार कोण? गेल्या हंगामात गुडघा धरून बसलात, बंदूक मीच खाली आणली."

"अगं, हलकी नळी दोन गोळ्यांत तापते, मग नेम चुकतो."

"दुसरी गोळी हवीच कशाला? माझं हरीण पहिलीतच पडलं. तुमचं अजून पळतंय!"

डेलला हसू आवरेना.

"आजोबा, रायफल नक्की कुणाची?" दुकानदाराने विचारलं.

"हिचीच. हलकीच बसवा. यंदापासून डोंगर हिचा. मी पायथ्याशी कॉफी उकळत बसेन."

"पायथ्याशी कशाला? माझ्याबरोबर चला. हळूहळू चढू."

"आणि हरीण पळालं तर?"

"पळू दे मेलं."